🍊 *संत्र्याची नवी कलमं चितळ-रोह्यांपासून कशी वाचवायची?*



मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासदाच्या बागेत गेलो होतो. जुलैत लावलेली कलमं चितळांनी खाल्ली होती, पण आता पुन्हा छान फुटली म्हणून दादा खूश होते. जवळ जाऊन पाहिलं तर डोळ्याच्या वर काहीच उरलेलं नव्हतं. फुटला होता तो खालचा जंबेरीचा खुंट. ते लक्षात आलं नसतं तर चार-पाच वर्षं पाणी-खत घालून शेवटी जंबेरीच हाती आली असती.

आता जंगलातलं गवत वाळायला लागेल आणि ठिबकवरची हिरवी बाग जनावरांना लांबूनच दिसेल. म्हणून हा मेसेज पूर्ण वाचा.

*१) आधी कोणी खाल्लं ते ओळखा*
▪️ ससा: फांदी चाकूने कापल्यासारखी, तिरपी. नुकसान जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच.
▪️ चितळ, रोही: यांना वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे शेंडा ओढून तोडलेला, टोक फाटलेलं दिसतं. शेळीचा चावाही असाच असतो, म्हणून खुरांचे ठसे बघा. रोही बहुतेक एकाच जागी लेंड्यांचा ढीग घालतो.
▪️ खोडाची साल सोललेली: नर चितळ खोडावर शिंगं घासतो. साल चारही बाजूंनी निघाली तर वरचा भाग वाळतो.

*२) जाळी: कलमाला की धुऱ्याला?*
पहिली तीन वर्षं महत्त्वाची. शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर गेला आणि खोड जाड झालं की धोका बराच कमी होतो.

एका कलमाला २ फूट रुंदीचा गोल करायला साडेसहा फूट जाळी लागते. ६ × ६ मीटरवर एकरी साधारण ११० कलमं, म्हणजे ७१५ फूट जाळी. चौरस एकराला चारही बाजूंनी कुंपण करायचं तर ८३५ फूट लागते. म्हणजे एक एकरापर्यंत किंवा नांग्या भरल्या असतील तर प्रत्येक कलमाला जाळी परवडते. पाच एकराला मात्र कलमांना साडेतीन हजार फुटांच्या वर आणि धुऱ्याने १,९०० फुटांच्या आत काम होतं. तिथे शेजाऱ्यांनी मिळून कुंपण केलेलं बरं.

▪️ उंची चितळासाठी ५ फूट, रोही येत असतील तर ६ फूट.
▪️ तीन बांबू रोवून जाळी पक्की बांधा. नुसती उभी केली तर जनावर पाडतं.
▪️ जाळी कलमाला चिकटवू नका. बाहेर आलेली फूट खाल्ली जाते.
▪️ पैसे कमी असतील तर बोरी-बाभळीच्या काट्या गोल लावा. वाळून खाली बसल्या की नवीन टाका.

*३) साड्या, वास, फवारणी*
जुन्या साड्या बांधल्या की जनावर थोडे दिवस बिचकतं, मग सवय होते. वासाची फवारणी पावसाने धुऊन जाते आणि नंतर आलेल्या नव्या फुटीवर ती नसतेच. हे उपाय जाळी येईपर्यंतचे समजा. थिमेटच्या पुड्या अजिबात बांधू नका. त्यातल्या फोरेटवर देशात बंदी आहे, आणि ते माणसालाही तितकंच विषारी आहे.

*४) ⚠️ तारेत लाईनचा करंट सोडू नका*
सोलर झटका मशीन वेगळी आणि लाईनवरून जोडलेली तार वेगळी. झटका मशीन क्षणभर धक्का देऊन थांबते, त्यामुळे जनावर मागे सरकतं. लाईनच्या तारेत करंट सलग असतो, चिकटलेला सुटत नाही. आपल्याकडे पंपाची लाईन रात्री येते. अंधारात ओलितासाठी निघालेला शेजारी, मजूर किंवा आपलाच पोरगा त्या तारेवर जाऊ शकतो. माणूस गेला तर गुन्हा, आणि वन्यप्राणी मेला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. एका बागेसाठी एवढी किंमत कोणीच मोजू नये.

झटका मशीन लावली असेल तर तारेला टेकलेलं गवत काढत राहा, नाहीतर धक्का कमी होतो. खालची तार जमिनीपासून फूटभरावरच ठेवा. चितळ उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतं.

*५) नुकसान झालंच तर, याच क्रमाने*
1️⃣ कात्री लावायच्या आधी फोटो काढा: कलम, ठसे, पूर्ण ओळ.
2️⃣ तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे भरपाईचा अर्ज द्या, सोबत सातबारा. पंचनामा होईपर्यंत कलम उपटू नका.
3️⃣ मग डोळा तपासा. *डोळ्याच्या वर हिरवा भाग शिल्लक असेल* तर फाटलेलं टोक निरोगी फुटीच्या वर कापा, बोर्डो मलम लावा (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) आणि एकच सरळ फूट वाढवा.
4️⃣ डोळ्याखालची फूट दिसली की लगेच काढा. ओळखायला सोपं: काटे जास्त, कोवळी पालवी जांभळट, पान चुरगळलं की लिंबासारखा वास.
5️⃣ *डोळ्यासकट खाल्लं असेल* तर त्या खुंटावर वेळ घालवू नका, नांगी भरा.

सोलर कुंपणाच्या अनुदानासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत आपलं गाव बसतं का, ते विचारा.

आज संध्याकाळी बागेत एक चक्कर मारा आणि खाल्लेल्या प्रत्येक कलमाचा डोळा बघा. फूट संत्र्याची की जंबेरीची कळत नसेल तर पानाचा आणि खोडाच्या खालच्या भागाचा जवळून फोटो मला पाठवा, बघून सांगतो.

– आपला कृषी सल्लागार 🌱