जुनी फटफटी घेताना
(द्वितीय वर्ष, कला)

बैल घ्यायचा म्हटला की आमच्याकडची माणसे त्याचे दात पाहतात, त्याला चालवून पाहतात, औताला जुंपून पाहतात आणि मगच पैसे मोजतात. तीच माणसे जुनी मोटारसायकल घेताना मात्र टाकीवरच्या नव्या रंगाला भुलतात. खेड्यातून कॉलेजला येणाऱ्यांना यष्टीच्या वेळा नेहमीच जमतात असे नाही. मग घरची हंगामाची शिल्लक एखाद्या जुन्या गाडीत जाते. ती वाया जाऊ नये, म्हणून हे चार शब्द.

आजही तरुणांच्या तोंडी जिचे नाव आहे, ती यामाहा आर. एक्स. 100 उदाहरणादाखल घेऊ. ही गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात तयार झाली. इंजिन 98 सी. सी.चे, ताकद सुमारे 11 अश्वशक्ती. हलकी आणि चपळ असल्यामुळे ती शेतवाटेवर चालली, तशीच मातीच्या शर्यतींतही पळाली.

तिचे इंजिन टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा जोर मिळतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीतून जाते. त्यामुळे त्या पेटीत ऑइल साठवून ठेवता येत नाही. ते पेट्रोलबरोबरच आत जाते आणि जळते. राजदूतसारख्या गाडीत ते पेट्रोलच्या टाकीतच मिसळतात, आर. एक्स.मध्ये त्याची टाकी वेगळी असून पंप ते पुरवतो. एवढे समजले, की या इंजिनाचा जीव कशात आहे हे निराळे सांगायला नको.

गाडी पाहायला गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावावा. ते थंडच हवे. आधीच सुरू करून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. किक मारताना पायाला चांगला अडथळा लागला नाही, तर रिंगा किंवा बोअर झिजले असे समजावे. सुरुवातीचा थोडा धूर हा या गाडीचा स्वभावच आहे. पण इंजिन तापल्यावरही दाट धूर येत असेल आणि गिअर-ऑइल कमी होत असेल, तर क्लचकडचे ऑइल सील गेल्याचा संशय घ्यावा. मॅग्नेटोकडचे सील गेले, तर बाहेरची हवा आत शिरते, इंजिन फार तापते आणि पिस्टन चिकटतो. बोअर किती वेळा केले, हेही विचारावे. पिस्टनची वाढीव मापे पाव-पाव मिलिमीटरने चढत जातात. शेवटच्या मापावर आलेल्या ब्लॉकला पुढच्या खेपेस नवी स्लीव्ह लागते. शर्यतीत पळालेली गाडी असल्यास ब्लॉकची दारे घासून मोठी केलेली आहेत का, हे जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

कागदांची तपासणी इंजिनाइतकीच महत्त्वाची. चासीचा व इंजिनाचा नंबर आर. सी. बुकाशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. खरवडलेला नंबर दिसला तर तेथूनच परतावे. नोंदणीची पहिली 15 वर्षे 1996 च्या गाडीचीही 2011 मध्ये संपली. नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागते. ते झाले आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, हे पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

देखभाल सोपी आहे, पण ती नेमाने हवी. टू-टी ऑइलच वापरावे. मिश्रणाच्या गाडीत कंपनीने दिलेले प्रमाण पाळावे: लिटरला 20 मिलिलिटर म्हणजे 50 ला 1, 40 म्हणजे 25 ला 1. धूर कमी व्हावा म्हणून ऑइल तोडणे म्हणजे दूध वाढावे म्हणून वासराला उपाशी मारणे. फोमचा एअर फिल्टर रॉकेलमध्ये धुवून, वाळवून, किंचित ऑइल लावून बसवावा. सायलेन्सरमधली काजळी अधूनमधून काढावी. प्लग विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळा, ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर इंजिन धोक्यात. आणि घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण मिटून गाडी इंजिनावर रोखत नेऊ नये. पेट्रोल मिटले की ऑइलही तुटते आणि इंजिन मात्र फिरतच राहते. मधून मधून थोडी मूठ पिळावी.

शेवटी हिशेबाचे. हातातली सगळी रक्कम विकणाऱ्याला देऊ नये. पहिल्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढून जे उरते, तेवढीच आपली ऐपत समजावी. बैल आणल्यावर वैरणीची सोय आधी करतात, तसेच हे.