भंगारातील बिलोर

(बंद पडलेल्या घड्याळात, जुन्या रेडिओत किंवा संगणकात धातूची एक लहानशी डबी असते. ती कशी ओळखावी आणि तिचा पुन्हा उपयोग कसा करावा, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उर्दूत ज्याला बिल्लौर म्हणता, तोच शब्द मराठीत बिलोर म्हणून आला आहे. बिलोरी आरसा, बिलोरी काच हे शब्द तुम्ही ऐकले असतील. बिलोर म्हणजे स्फटिक. नदीकाठी सापडणारी पांढरी गारगोटीही त्याच जातीची.

या स्फटिकाचा एक मोठा गुण आहे. तो दाबला की त्यात थोडी वीज निर्माण होते. १८८० मध्ये फ्रान्समधील जाक आणि पिएर क्युरी या भावांनी हे दाखवून दिले. याउलट, स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकसतो किंवा फुगतो. म्हणून विजेच्या साहाय्याने त्याच्या पातळ चकतीला कंप देता येतो. चकती जितकी पातळ, तितका कंप जलद. एकदा माप ठरले की तो ठोका जवळजवळ बदलत नाही. थंडी-उन्हाने फार थोडा फरक पडतो. या गुणाचा उपयोग करून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी १९२७ मध्ये स्फटिकाचे घड्याळ तयार केले.

तुमच्या भिंतीवरच्या घड्याळातही असाच स्फटिक आहे. तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो ना? वही घ्या आणि त्याची निम्मे करत जा. १६,३८४, मग ८,१९२, मग ४,०९६... पंधराव्या वेळी उत्तर १ येईल. घड्याळातील विद्युतमंडल हेच काम करते आणि सेकंदाला एक ठोका देते.

आता डबी कशी ओळखायची ते पाहू. प्रथम तिचे पाय मोजा. दोन पाय असतील, तर आत बहुधा नुसता स्फटिक आहे. तो रिकाम्या झोक्यासारखा असतो. झोका योग्य वेळी ढकलणारा कोणी तरी लागतो. म्हणजेच या स्फटिकाला बाहेरून विद्युतमंडल जोडावे लागते. डबी चौकोनी असून तिच्या चार कोपऱ्यांत चार पाय असतील, तर आत झोकाही आहे आणि ढकलणाराही आहे. हिला ऑसिलेटर म्हणतात. हिला फक्त वीज दिली की पुरे.

नंतर डबीवरचा आकडा वाचा. ८.००० असे लिहिले असेल तर ८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८० लाख कंप. आकड्यावरून डबीचे मूळ घरही कळते. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन सुरू झाले. त्या काळच्या रंगीत संचांत ४.४३३ चा स्फटिक सापडतो. जुन्या संगणकांत १४.३१८ हा आकडा वारंवार दिसतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये त्याला ३ ने भागून ४.७७ मेगाहर्ट्झचा ठोका मिळवला होता. मात्र येथे एक चूक होऊ शकते. डबीवर ८७३४ असा बिनटिंबाचा आकडा असेल, तर तो बऱ्याचदा कंपांचा नसून तारखेचा असतो. सन १९८७, आठवडा ३४ वा!

चार पायांच्या डबीचा एक कोपरा टोकदार व तीन गोलसर असतात. टोकदार कोपरा खाली डाव्या हाताला येईल अशी डबी आडवी धरा. पाय खाली असू द्या. खालच्या उजव्या पायाला ऋण, वरच्या डाव्या पायाला धन ५ व्होल्ट जोडायचे असते. वरच्या उजव्या पायातून ठोके बाहेर येतात.

मी एकदा घाई केली. कोपरा न पाहता वीज उलटी जोडली. डबी क्षणात तापली आणि कायमची बंद पडली. कितीतरी वर्षे टिकलेली वस्तू माझ्या एका मिनिटाच्या आळसाने गेली. तेव्हापासून मी आधी दोनदा पाहतो, मग जोडतो.

डबी चालू आहे हे कसे समजेल? तिच्यावर १.००० लिहिले असेल तर रेडिओ मिडियम वेव्हवर लावा आणि काटा १००० किलोहर्ट्झवर आणा. ठोक्यांच्या पायाला जोडलेली वीतभर तार रेडिओजवळ न्या. रेडिओची खरखर एकदम कमी झाली, तर डबी जिवंत आहे.

घड्याळातील बारीक नळीसारख्या स्फटिकाचा प्रयोग आणखी सोपा आहे. सीडी ४०६० हा आय.सी., दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि एक एल.ई.डी. घ्या. त्यांची जोडणी विज्ञानाच्या सरांकडून समजून घ्या. हा आय.सी. ३२,७६८ ची चौदा वेळा निम्मे करतो. म्हणून दिवा सेकंदाला दोनदा लागतो. एका मिनिटात १२० वेळा लागला, तर तुमचे काम अचूक झाले.

एक इशारा लक्षात ठेवा. जुन्या टीव्हीचे मागचे झाकण स्वतः कधीही उघडू नका. टीव्ही बंद असला तरी चित्रनळीत हजारो व्होल्टची वीज साठून राहू शकते. सेलवर चालणाऱ्या घड्याळापासूनच सुरुवात करा.

मुलांनो, भंगार म्हणजे ज्याची ओळख कोणी करून घेतली नाही अशी वस्तू. पाय मोजा, आकडा वाचा, मगच हात लावा. कोणी फेकून दिलेल्या घड्याळातला बिलोर तुमच्या टेबलावर पुन्हा ठोके देऊ लागेल.

शब्दार्थ
कंप – थरथर, हालचाल
आकसणे – लहान होणे
अचूक – अगदी बरोबर
इशारा – सावधगिरीची सूचना

स्वाध्याय
१. दोन पायांची डबी व चार पायांची डबी यांत काय फरक आहे?
२. लेखकाची डबी कशामुळे बंद पडली?
३. ३२,७६८ ची पंधरा वेळा निम्मे करून वहीत लिहा.
४. 'ओळख करून घेणे' हा शब्दप्रयोग वापरून दोन वाक्ये तयार करा.