केळीची बाग आडवी का होते?

मे-जूनमध्ये रावेर, यावल, चोपड्यापासून शिरपूरपर्यंतच्या तापीकाठी मृगबागेचे घड कटाईला येऊ लागतात. वावधनाचे, म्हणजे वादळी वाऱ्याचे दिवसही नेमके हेच. एखाद्या संध्याकाळी १५-२० मिनिटांत वर्षभर जपलेली बाग आडवी होते आणि दुसऱ्या दिवशी पंचनामे सुरू होतात.

हा वारा उन्हाच्याच पोटातला. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिला ओलावा मिळाला की दुपारनंतर उंच ढग तयार होतात. त्यांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटू लागतो. आटताना तो हवेतली उष्णता शोषतो. गार, जड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणून आधी धुळीचा लोट आणि गार झोत येतो, थेंब मागाहून.

केळीत लाकूड नसते. आपण ज्याला खोड म्हणतो, ती पानांची एकमेकांभोवती घट्ट गुंडाळलेली आवरणे असतात; आडवे कापले तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. बहुतेक मुळेही वरच्या दीड-दोन फुटांतच. अशा खोडाच्या शेंड्याला २०-२५ किलोंचा घड एका बाजूला लोंबतो. वाऱ्यात पाने शिरांच्या रेषेत फाटतात, त्यामुळे दाब थोडा कमी होतो. घडाचा भार मात्र तसाच राहतो. त्यात उन्हाने पाण्याचा ताण पडलेला असेल तर खोडाचा ताठपणा जातो आणि ते मधूनच मोडते.

हवामानावर आधारित फळपीक विम्यातून भरपाई मिळू शकते, बाग उभी राहत नाही. वारा थांबवता येत नसला तरी त्याचा जोर मोडता येतो. त्यासाठी पक्की भिंत कुचकामी. तिच्यावरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे घेत उतरतो. शेवरी किंवा गजराज गवताच्या जिवंत कुंपणातून तो गाळला जाऊन मंदावतो. कुंपणाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत हा आडोसा पुरतो. म्हणजे १० फुटी शेवरी १०० फूट बाग राखते. शेत मोठे असेल तर मध्येही ओळी हव्यात. घड निसवला की बांबूचा किंवा पट्टीचा आधार द्यायला हवाच.

यंदा केळीची रोपे सांगताना शेवरीचे बीही आणून ठेवा आणि बांधावर ते आधी पेरा.