पुण्याचा पगार की हिंगोलीचं घर?

आजचा विषय आमच्याकडे तरुण मुलामुलींनीच लावून धरला होता. प्रश्न साधा आहे. घरून काम करायची नोकरी आहे, पगार कमी. दुसरी पुण्याच्या ऑफिसात बसायची, पगार जास्त. कोणती धरायची? आम्ही इथं उत्तर देणार नाही, हिशेब कसा मांडायचा ते सांगणार आहोत. कारण बहुतेक वेळा हिशेब न मांडताच निर्णय होतो. कुणी आकड्याला भुलतं, कुणी घराच्या ओढीला.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झाला. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव, हिंगोली हे पाच तालुके. शेती आहे, हळदीची मोठी बाजारपेठ आहे, पण कॉम्प्युटरवरच्या नोकऱ्या नाहीत. म्हणून शिकलेला पोरगा म्हणजे पुण्याला गेलेला पोरगा, असंच समीकरण होतं. मार्च २०२०च्या लॉकडाऊननं ते मोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या दूरसंचार विभागानं आयटी आणि कॉल सेंटरसारख्या कंपन्यांसाठीचे नियम सैल केले, घरून काम करण्यातली कागदोपत्री अडचण कमी झाली. पण पुढे वारं फिरलं. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीनं ऑक्टोबर २०२३पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. म्हणजे घरून काम ही आता सरसकट सोय राहिली नाही, ती किंमत मोजून घ्यायची गोष्ट झाली.

किंमत किती? एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. पुण्यात हातात ६० हजार, घरून ४२ हजार. फरक १८ हजारांचा, म्हणजे ३० टक्के. ऐकूनच माणूस म्हणतो, पुणं! आता खर्च काढा. दोघांत मिळून खोली, आपला वाटा ९ हजार. मेस साडेचार हजार. रोजचं जाणं-येणं अडीच हजार. महिन्यातून गावाकडं एक-दोन चकरा, ट्रॅव्हल्सचं भाडं धरून २ हजार. झाले १८ हजार. उरले ४२ हजार. इकडं घरी चांगलं इंटरनेट, इन्व्हर्टरची बॅटरी, एखादं जादा सिमकार्ड मिळून ३ हजार धरा. उरले ३९ हजार. म्हणजे १८ हजारांचा फरक ३ हजारांवर आला बघा.

इन्कम टॅक्सचं काय, असं कुणीतरी विचारणारच. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत कर पडत नाही. त्यामुळे आपल्या उदाहरणात दोन्हीकडे शून्यच.

आता वेळ मोजा. पुण्यात रोज दोन तास रस्त्यावर गेले, तर २२ दिवसांचे ४४ तास होतात. कामाचे १७६ तास आणि हे ४४, मिळून २२०. ४२ हजारांना २२०नं भागलं तर तासाला १९१ रुपये पडतात. घरी ३९ हजार भागिले १७६, म्हणजे २२२ रुपये. तासाच्या हिशेबानं घर पुढं गेलं.

अमेरिकेत कॉल सेंटरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम मिळावं म्हणून लोक सरासरी ८ टक्के पगार सोडायला तयार होते. तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण ताडून पाहायला बरा. पगारातला फरक ३० टक्के दिसत होता, खर्च वजा जाता तो पुण्याच्या पगाराच्या ५ टक्केच राहिला.

मग घरच बरं का? थांबा. हा आजचा हिशेब झाला, पाच वर्षांचा नाही. पगारवाढ टक्क्यात मिळते. दोन्हीकडे वर्षाला १० टक्के धरली, तरी तीन वर्षांत पुण्याचा पगार ८० हजारांजवळ जातो आणि घरचा ५६ हजारांजवळ. फरक १८चा २४ हजार झाला. पुण्याचं भाडंही वाढेल, पण पुढची नोकरी देणारा पहिला प्रश्न ‘सध्या किती?’ हाच करतो. पीएफमध्ये कंपनीचा वाटाही बऱ्याचदा पगाराच्या आकड्यावर ठरतो.

दुसरी गोष्ट बढतीची. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीनं कॉल सेंटरमधल्या लोकांना नऊ महिने आठवड्याचे चार दिवस घरून काम दिलं. काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण तेवढ्याच चांगल्या कामाला बढती मात्र कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर घरून काम केलेल्यांपैकी जवळपास निम्मे आपणहून ऑफिसात परतले. एकटं वाटतं, हे त्यातलं मोठं कारण. नवशिक्या माणसानं हे विशेष लक्षात घ्यावं. शेजारी बसलेल्या जाणत्याकडून जे फुकट शिकायला मिळतं, ते मीटिंगमध्ये मिळत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरांची. हळद काढायची, शिजवायची, पॉलिश करायची धावपळ फेब्रुवारी-मार्चात. कंपन्यांचा मार्च एंडही तेव्हाच. ‘घरीच तर आहेस, जरा शेतात जाऊन ये’ हे वाक्य त्या दिवसांत हमखास येतं. सुनेच्या बाबतीत तर लॅपटॉप बंद व्हायच्या आधीच स्वयंपाकघरातून हाक येते. तिची दोन्ही कामं पूर्ण वेळेची होतात, पगार एकाचाच मिळतो. घरून काम करणाऱ्याच्या कामाचे तास घरानं मान्य केले नसतील, तर वाचलेले ४४ तास वाचत नाहीत, वाटले जातात.

पण उलट बाजूही तितकीच खरी. वडिलांना डायलिसिसला न्यायचंय, लेकरू लहान आहे, आई एकटी आहे, तिथं रात्रभराचा प्रवास करून येणाऱ्याचा पगार कितीही असो, वेळेवर कामाला येत नाही. याची रक्कम कोणत्याही वहीत लिहिता येत नाही, पण रकाना ठेवावाच लागतो.

तेव्हा निर्णयाआधी कंपनीला चार गोष्टी विचारा. घरून काम करायचं हे नेमणूकपत्रात लिहिलंय का, की साहेबांच्या तोंडी शब्दावर आहे? परत बोलावलं तर किती दिवसांची मुदत, आणि तेव्हा पगार वाढणार का? आपण कायम कर्मचारी की कंत्राटावरचे, म्हणजे पीएफ आहे का? आणि घरून काम करणाऱ्या कुणाला गेल्या दोन वर्षांत बढती मिळाली का?

आम्हाला ढोबळ मानानं असं वाटतं. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं असतील आणि घरी अडचण नसेल, तर ऑफिस गाठावं. हात बसला, नाव झालं, की घराचा पर्याय मागायची ताकद येते. आणि घरी गरज असेल, तर कमी पगार घेणाऱ्याला ‘पोरगं घरीच असतं’ म्हणून हिणवू नये. सोयरीक जुळवतानाही हे वाक्य फार ऐकू येतं. त्यानं पगार सोडून काय घेतलंय, ते त्याच्या आईवडिलांना विचारावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.