कर्ज, कायदा आणि आपण (भाग ७) : नादारीचा अर्ज करावा का?

गेल्या भागात जामीनदाराच्या जबाबदारीबद्दल पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न. कर्ज फेडणं खरोखरच अशक्य झालं, तर ‘माझ्याकडे काही उरलं नाही’ असं न्यायालयाला सांगून मोकळं होता येतं का?

समजा, मुलुंडच्या एका गृहस्थांना महिना ४० हजार पगार आहे. पर्सनल लोन, दोन क्रेडिट कार्डं आणि ऑफिसातल्या पतपेढीचं कर्ज मिळून हप्तेच ३२ हजारांचे. घरात आजारपण आलं आणि सगळंच थकलं. नादारीचा अर्ज करायचा तर त्यांना गाडी पकडून फोर्टात, मुंबई उच्च न्यायालयात जावं लागेल. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर इथल्या कर्जदारालाही तिथेच. बृहन्मुंबईला १९०९ चा ‘प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट’ लागू आहे. चेकनाक्यापलीकडच्या ठाणेकराला मात्र १९२० चा प्रांतिक कायदा लागतो.

मुंबईत अशा कायद्याची गरज प्रकर्षाने भासली ती व्यापाऱ्यांना. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरचा जुगार रंगला आणि १८६५ मध्ये सगळा डोलारा कोसळला. भल्याभल्या पेढ्या बुडाल्या, तेव्हा सरकारला मुंबईसाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. १९०९ चा कायदाही पेढी, हिशेबवह्या आणि धनको असा संसार गृहीत धरतो. हप्त्यावर जगणारा पगारदार त्यात नीट बसत नाही.

हा कायदा देतो काय? ५०० रुपयांवर कर्ज असलेला माणूस अर्ज करू शकतो. नादारीचा आदेश झाला की त्याची मालमत्ता ‘ऑफिशियल असायनी’ या न्यायालयीन अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते आणि धनकोंमध्ये वाटली जाते. विनातारण कर्ज देणाऱ्यांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्या मालमत्तेवर वसुली करता येत नाही. कर्जापायी अटक होऊ नये म्हणून संरक्षणाचा आदेशही मागता येतो.

आता दुसरी बाजू. गृहकर्जाची बँक तारणावरचा हक्क सोडत नाही. फ्लॅट गहाण असेल तर तो जाऊ शकतो. कामाची हत्यारं, कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी यांना सूट आहे, पण मूळ कायद्यात तिची मर्यादा सगळी मिळून ३०० रुपये! नादारी न सांगता ५० रुपयांची उधारी केली तरी गुन्हा. कर्जातून मुक्तता आपोआप मिळत नाही. ती द्यायची की नाही हे न्यायालय ठरवतं. आणि कर्जदार सुटला तरी जामीनदार सुटत नाही. म्हणजे पतपेढीच्या कर्जाला सही देणारा शेजारच्या टेबलावरचा सहकारी अडकलेलाच राहतो.

यावर उपाय म्हणून संसदेने २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग घातला. त्यात दिवाळखोराला साधारण वर्षभरात मुक्तता आहे. अगदी गरिबांसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ आहे : वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नसेल, तर पात्र कर्ज माफ. पण १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. तुमच्याआमच्यासाठी तो अजून कागदावरच आहे. उद्या लागू झाला, तरी महिना ५ हजारांपेक्षा जास्त कमावणारा कुणीही ‘फ्रेश स्टार्ट’मधून बाहेरच राहील.

म्हणून आज नादारी हा शेवटचा मार्ग समजावा. त्याआधीचे मार्ग असे :

पहिला हप्ता चुकायच्या आधीच बँकेला लेखी कळवा. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी करा आणि पोच घ्या.

थकबाकी जुनी असेल तर एकरकमी तडजोड मागा. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकानुसार बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांना तडजोडीचं धोरण ठेवावंच लागतं. मंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय पैसे भरू नका, भरल्यावर ‘नो ड्यूज’चा दाखला घ्या. सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हेही लक्षात ठेवा.

प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथला तडजोडीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. कोर्टात भरलेलं शुल्कही परत मिळतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

आणि भीती कमी करा. केवळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच बँक ऑफ कोचीनच्या खटल्यात सांगितलं. दिलेला चेक किंवा ऑटो-डेबिट परत जाणं मात्र वेगळं. तिथे फौजदारी खटला होऊ शकतो, त्याची नोटीस आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. हुकूमनाम्यावर पगार जप्त झाला, तरी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हातात राहतात. म्हणजे मुलुंडच्या गृहस्थांच्या ४० हजारांतून १३ हजारांपर्यंतच जप्ती. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावता येत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो मोडला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

दोन गोष्टी मात्र करू नका : जुना हप्ता भरायला ॲपवरून किंवा विनापरवाना सावकाराकडून नवं कर्ज घेऊ नका, आणि घर चालवायला लागणारा प्रॉव्हिडंट फंड वसुलीवाल्याच्या दमदाटीला घाबरून मोडू नका. राहिली सरकारची बाजू : संसदेने २०१६ मध्ये केलेला कायदा सरकारने सामान्य माणसासाठी लागू करावा, आणि त्यातल्या मर्यादा आजच्या पगारांना साजेशा कराव्यात. तो लागू होईपर्यंत कर्जदाराच्या हाती एकच बळ आहे : वेळेवर आणि लेखी बोलणं.

(पुढील भागात : लोकअदालतीत जाताना कोणती कागदपत्रं न्यावीत)