लाकूड कोरीवकामातील रोटरी हत्यार

रोटरी हत्यार हे हातात धरून वापरायचे, अतिवेगाने फिरणारे विद्युत हत्यार आहे. त्याच्या टोकाशी बसवलेले दातेरी डोके, म्हणजे बर, लाकूड खरवडून काढते. पटाशीने लाकडाचा कपचा निघतो, तर बराने भुसा पडतो. या हत्याराची सोय व धोका या दोन्हींचे मूळ या फरकात आहे.

पार्श्वभूमी

या हत्याराचे दंतवैद्याच्या यंत्राशी जवळचे नाते आहे. अमेरिकेतील जेम्स मॉरिसन यांनी १८७१ साली पायाने चालवायच्या दंतयंत्राचे पेटंट घेतले. आजही २.३५ मिमी दांड्याचे दंतवैद्यकीय बर कोरीवकामात वापरले जातात. १९३२ साली विस्कॉन्सिनमधील रसीन येथे स्थापन झालेल्या ड्रेमेल कंपनीने त्याच दशकात असे हत्यार घरगुती कारागिरापर्यंत पोहोचवले. अमेरिकेत लाकडी पक्षी कोरणारे कारागीर पिसांच्या बारीक रेषांसाठी ते वापरतात.

जोडणी

बराचा दांडा कॉलेट नावाच्या चिमट्यात पकडला जातो. कॉलेटचे माप दांड्याइतकेच हवे, ३.२ मिमीच्या कॉलेटमध्ये २.३५ मिमीचा दांडा घट्ट बसत नाही. दांडा शक्य तितका आत सरकवावा. बाहेर लांब राहिलेला बारीक दांडा वेगात वाकतो व बर उडू शकतो.

सुरुवातीला गोल, ज्योतीच्या आकाराचा आणि दंडगोल असे तीन बर पुरतात. मोठ्या संचातील बहुतेक डोकी पेटीतच राहतात. पोलादी बर स्वस्त असले तरी लवकर बोथट होतात; टंगस्टन कार्बाइडचे बर जास्त टिकतात.

वापर

वेग बराच्या व्यासानुसार ठरवावा. समान फेऱ्यांना १२ मिमी बराची कड ३ मिमी बराच्या कडेपेक्षा चौपट वेगाने धावते. म्हणून बर मोठा असेल तर फेऱ्या कमी ठेवाव्यात. लाकूड काळे पडून जळका वास आला, तर बर बोथट झाला आहे, भुशाने भरला आहे किंवा दाब जास्त पडतो आहे, असे समजावे. नवशिका बहुधा तिसरीच चूक करतो. हलक्या हाताने, थोडे थोडे लाकूड काढावे.

लाकूड बराला ज्या बाजूस ढकलते, त्याच्या विरुद्ध दिशेने हत्यार सरकवावे. त्याच बाजूस नेल्यास बर चाकासारखा धावत सुटतो आणि नेमकी नाजूक कडच खराब होते. तंतूंची दिशा चुकली तरी पटाशीप्रमाणे कपचा उडण्याची भीती येथे कमी असते. मात्र पटाशीने येते तशी स्वच्छ, धारदार कड बर देत नाही. शेवटचा हात चाकूने किंवा काचकागदाने फिरवावा लागतो.

सरावासाठी मऊ व एकसारख्या पोताचे लाकूड घ्यावे. आपल्याकडे शिवण त्यासाठी चांगले. सागवानात वाळूसारखे सिलिकाचे कण असल्याने हत्याराची धार लवकर जाते. शिसवीत बारीक नक्षी उत्तम उमटते, पण तिच्या धुळीने काहींच्या त्वचेला त्रास होतो.

धूळ व सुरक्षितता

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. बराची धूळ फार बारीक असते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. एन-९५ प्रतीचा मुखपट्टा आणि शक्यतो धूळ ओढणारा पंखा लागतो. गॉगल तर हवाच. ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि सुती हातमोजे फिरत्या दांड्यात गुंडाळले जातात. बर बदलण्यापूर्वी तारेचे हत्यार असल्यास प्लग काढावा, बॅटरीचे असल्यास बॅटरी काढावी.