ऐकू येतं, पण कळत नाही

आत्याच्या अंगावरून वारं गेलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, आज वार कुठला?" ती म्हणाली, "जेवले मी." केसपेपरवर 'गोंधळलेली' अशी नोंद झाली आणि आम्हीही मनाची तयारी करू लागलो. दुपारी तिचा बटवा आवरताना रुमालात गुंडाळलेलं कानाचं मशीन सापडलं. एमआरआयच्या वेळी काढलेलं, ते तसंच राहून गेलं होतं. मशीन कानात गेलं तशी आत्याने वार सांगितला आणि संकष्टी कधी आहे तेही विचारलं.

"झटक्याचा कानाशी काय संबंध?" असं बरेच जण विचारतात. संबंध चांगलाच जवळचा आहे. आतल्या कानाला एका अगदी बारीक धमनीतून रक्त मिळतं आणि त्याला दुसरी वाट नसते. बहुधा ही धमनी लहान मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीतूनच फुटते. तिथे अडथळा आला तर एक कान अचानक बंद होतो आणि भोवळ येते. तोंड वाकडं झालेलं नसेल, हातही हलत असेल, म्हणून घरचे कानात ड्रॉप घालून वाट पाहतात. अचानक बहिरेपण, जोडीला चक्कर आणि तोल जाणं असेल तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या 4.5 तासांतच देता येतं.

"उजव्या मेंदूला झटका, म्हणजे डावा कान गेला" हा हिशेब हातापायांवरून केलेला असतो. कानाला तो लागू नाही. प्रत्येक कानाचा संदेश मेंदूच्या दोन्ही अर्धांत पोचतो, त्यामुळे एका बाजूच्या झटक्याने ठार बहिरेपण क्वचितच येतं. बिघडतं ते वेगळंच: गोंगाटातून माणसाचं बोलणं वेचून काढणं, आवाज कुठून आला ते ओळखणं. उजव्या मेंदूला इजा झाली की काहींचं डावीकडच्या आवाजाकडे लक्षच जात नाही. कान शाबूत असतो, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही.

म्हणूनच "ऑडिओग्राम नॉर्मल आला, आता काळजी नाही" हे मला पटत नाही. ती तपासणी होते शांत, बंद खोलीत: बीप ऐकू आला की बटण दाबायचं. घरात कुकरची शिट्टी, टीव्हीवरची मालिका आणि मागून बोलणारी सून, हे सगळं एकाच वेळी चालू असतं. ऑडिओलॉजिस्टला गोंगाटातलं बोलणं समजण्याची चाचणी करायला सांगा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणाच्या अडचणींसाठीच आहे.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो ओरडण्याचा. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1874 मध्ये दाखवून दिलं, की बहुतेकांच्या डाव्या मेंदूतल्या एका भागाला इजा झाली की शब्द कानावर पडतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. अशा माणसाशी मोठ्याने बोललं तर त्याला दिसतो फक्त आपला रागावलेला चेहरा. समोर बसा, छोटं वाक्य बोला, कप दाखवून "चहा?" म्हणा आणि थांबा. उत्तराला वेळ लागतो. क्वचित एखाद्याला दाराची बेल ओळखता येते, पण आपली मराठीच परकी वाटते, आणि तरीही वाचता येतं. त्याच्यासाठी पाटी-पेन्सिल औषधासारखी आहे.

"वय झालं, चालायचंच" असं म्हणून सोडू नका. झटका येण्याआधीच कान कमजोर असू शकतात, कधी नुसता मळ असतो. ऐकू न आल्यामुळे फिजिओथेरपिस्टच्या सूचना निसटतात आणि पेशंट आळशी ठरतो. कान कमजोर असेल तर मशीन उपयोगी पडतं. अडचण मेंदूत असेल तर नुसता आवाज वाढवून गलकाच वाढतो. तिथे बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायचा छोटा माइक, जो आवाज थेट ऐकणाऱ्याच्या कानात पोचवतो, काहींना बराच सोयीचा पडतो.

याचा अर्थ घर चिडीचूप ठेवायचं असा नाही. 2008 मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, झटक्यानंतर दोन महिने रोज आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली होती. आत्याच्या उशाशी सकाळी रेडिओ लागतो. काही बोलायचं असेल तर आम्ही आधी तो बंद करतो आणि मग तिच्यासमोर जाऊन बसतो.